जाळीपलीकडची चाळिशी

आधी वारा आला, मग कोंबडी आली, आणि कोंबडीच्या मागोमाग तो आला.

पडदेवालीचं दुकान तोवर कसं शांत होतं. शिवणयंत्राच्या टेबलावर जाळीदार पांढरं कापड पसरलेलं, तोंडात टाचण्या, हातात कात्री. तेवढ्यात दारातून काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं फडफडत आलं आणि सरळ त्या कापडात घुसलं. कापड उभं राहिलं, गिरकी घेतली आणि टेबलाखाली जाऊन "कॉक" म्हणालं.

"माफ करा हं बाई!" दारातून एक उंच, घामाघूम माणूस आत आला. काखेत टोपली, टोपलीत आणखी दोन कोंबड्या. "स्वभावानं गरीब आहे हो ती. घाबरलीय फक्त..."

हे सगळं तो अतिशय अदबीनं बोलला, पण दाराशी टांगलेल्या फुलाफुलांच्या पडद्याशी बोलला.

पडदेवालीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बाई इकडे आहे."

"अरेच्चा!" तो वळला आणि डोळे बारीक करून बघू लागला. "चष्मा तिनं पायानं उडवला माझा. गटारात गेला."

"मग आता दुसरा आणा. ते समोर नवीन दुकान झालंय चष्म्याचं."

"ते... माझंच आहे," तो म्हणाला.

पडदेवाली हसली. असं मोकळं हसून तिला किती दिवस झाले होते, हे तिच्या वडिलांनाच ठाऊक. मागच्या खोलीत पेपर वाचता वाचता त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शहाणे होते.

टेबलाखाली वाकून, कापड सोडवून, दोघांनी मिळून कोंबडी पकडली. लहानशी होती. डोळ्यांभोवती दोन पांढरी कडी, अगदी चष्मा लावल्यासारखी.

"हिचं नाव चाळिशी," तो म्हणाला. "आणि या दोघी डावी आणि उजवी. वडिलांच्या कोंबड्या. ते गेले, मग अंगणाचं घरही गेलं. आता आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर. आई, दोन दादा, दोन वहिन्या, अक्का आणि बाल्कनीत या. शेजाऱ्यांनी काल शेवटचं सांगितलं."

"मग आता कुठं निघालात?"

"एकजण म्हणाला, मी सांभाळतो. गेलो होतो तिथं. पण त्याच्या दुकानात तराजू होता, शेजारी सुरा." त्यानं चाळिशीला छातीशी धरलं. "परत फिरलो."

"माझ्याकडे मागे खुराडं आहे," पडदेवाली म्हणाली.

बोलली, आणि लगेच तिला वाटलं, हे काय बोलून बसले मी?

कारण ही मुलगी म्हणजे काळजीचं गाठोडं. दूध उतू गेलं तर काळजी, नाही गेलं तर गॅस चालू आहे ना ही काळजी. कुलूप लावून निघायची, कोपऱ्यावरून परत यायची, कुलूप ओढून बघायची, आणि पुढच्या कोपऱ्यावर तिला वाटायचं, ओढताना निघालं तर नसेल? त्यात मागच्या अंगणातल्या कोंबड्यांचा कारभार थोरलीच्या हातात. थोरली म्हणजे एक काळी, भारदस्त, लाल तुऱ्याची कोंबडी. तिनं पाहिल्याशिवाय बाकीच्या दाणा टिपत नसत. या घरात तीन परक्या जणी न्यायच्या!

"आजच सोडू या ना आत?" तो उत्साहानं म्हणाला.

"आज? वेड लागलंय का? आधी या वेगळ्या राहतील, कोळशाच्या खोलीत. काही आजारबिजार नाही ना, ते कळेपर्यंत. मग जाळीच्या पलीकडे. एकमेकींना बघायचं, पण भिडायचं नाही. आणि मग एखाद्या संध्याकाळी, काळोख पडता पडता, गुपचूप उचलून थोरलीच्या दांडीवर बसवायच्या. सकाळी उठल्या की जुन्यांना वाटतं, या इथल्याच."

"एवढा सोहळा? कोंबड्याच ना शेवटी?"

"भरल्या घरात नवीन बाई जाणारेय," ती म्हणाली. "एक नाही, तीन."

तो हसला. ती हसली नाही. ते त्याला चष्म्याशिवायही दिसलं.

तर अशी सुरुवात झाली. तो रोज दुकान बंद करून दाणे घेऊन यायचा. कोळशाच्या खोलीचे दिवस संपले, अंगणात मधोमध जाळी लागली. पलीकडे डावी, उजवी आणि चाळिशी. अलीकडे थोरली, येरझाऱ्या घालत, मान तिरकी करून बघत. जाळीच्या एका बाजूला तो उकिडवा बसायचा, दुसऱ्या बाजूला ती.

"सगळी गल्ली तुम्हाला ताई म्हणते," तो एकदा म्हणाला.

"मग तुम्हीही म्हणा."

"मी नाही म्हणणार."

"का बरं?"

त्यानं मूठभर दाणे उगाचच दोनदा मोजल्यासारखे केले. "वैयक्तिक कारण आहे."

ती एकदम थोरलीकडे बघायला लागली. थोरलीत बघण्यासारखं त्या दिवशी काही विशेष नव्हतं.

शिवून शिवून तिचं डोकं दुखायचं. एका दुपारी त्यानं तिला जवळजवळ ओढतच समोरच्या दुकानात नेलं, खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली. तो समोर वाकला. त्याच्या हाताला साबणाचा वास येत होता. काच बदलली.

"हे बरं, की ते बरं?"

तिनं नाकावरची चौकट चाचपली.

"पुन्हा दाखवतो. हे... की ते?"

"चुकलं तर?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक, की त्याचा हात तसाच थांबला.

"यात चूक नसते," तो म्हणाला. "तुम्हाला जे बरं दिसतं, तेच बरोबर. मला तुमच्याकडूनच शिकायचं असतं ते."

असं तिला आजवर कुणीही सांगितलं नव्हतं. समोरची अक्षरं एकदम धूसर झाली. तिनं तसं सांगितलं, आणि त्याला वाटलं आपलीच काच चुकली. बिचारा पुसत बसला.

नवीन चष्मा नाकावर ठेवताना त्याची बोटं तिच्या कानाशी जरा रेंगाळली. "मला... म्हणजे आईला... नाही, आधी मलाच," तो अडखळला. "मला तुम्ही फार आवडता. लग्नाचंच म्हणतोय मी. आणि आईला तुम्हाला पाहायचंय. रविवारी. सगळेच असतील घरी..."

सगळेच.

आवडता, हा शब्द ऐकून तिच्या अंगावर शहारा आला होता. गोड होता तो. पण पाठोपाठचा तो 'सगळेच' आला आणि ती खुर्चीत मागं सरली.

कारण ती एकदा अशा घरात जाऊन आली होती. लग्न होऊन, वाजतगाजत, भर दुपारी. उंबऱ्याच्या आत सासू, चुलत सासू, नणंदा, जावा, सगळ्या गोल करून उभ्या. कुणी मारलं नाही तिला, कुणी उपाशी ठेवलं नाही. नुसत्या चोची. कप असा का धरतेस. घडी अशी घालतात का. हसतेस किती मोठ्यानं. तिच्या नवऱ्याला काही दिसायचंच नाही. तो पेपर वाचायचा. वर्ष पुरं व्हायच्या आत ती शिवणयंत्र घेऊन बाबांकडे परत आली. कागदोपत्रीही सगळं मिटलं. उरली ती फक्त काळजी.

हे सगळं तिनं त्याला सांगितलं, खाली मान घालून. त्यानं फक्त ऐकलं.

"कोंबड्यांचं नीट होऊ दे," शेवटी ती म्हणाली. "मग सांगते."

मनात मात्र तिनं पैज लावली होती, स्वतःशीच. चाळिशीला थोरलीनं घरात घेतलं, एकही चोच न मारता, तर हो म्हणायचं. नाहीतर आपलं हे पडदे, हे बाबा आणि हे अंगण बरं. आता एका माणसाचं सुख कोंबडीच्या चोचीवर टांगावं का? पण काळजी करणाऱ्या माणसांना असा कुठला तरी खुंटा लागतोच.

आणि नेमकी त्यानं माती खाल्ली.

ती एका हॉटेलात पडदे लावायला गेली होती. बाबांचा डोळा लागला होता. हा दुपारी डोकावला तर जाळीपलीकडे चाळिशी मजेत धुळीत लोळतेय, अलीकडे थोरली उन्हात डुलतेय. आता झाली की मैत्री, असं त्याला वाटलं. ती परत येईल तेव्हा सगळ्या एकत्र चरताना दिसतील, किती खूश होईल! त्यानं जाळीचं दार उघडलं.

ती आली तेव्हा अंगणभर पिसं होती. डावी आणि उजवी भिंतीवर. चाळिशी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून, मानेवर लाल जखम. हा तिच्यावर ओणवा होऊन थोरलीच्या चोची स्वतःच्या पाठीवर घेत होता.

"तुम्ही दार उघडलंत?"

"मला वाटलं... छान बसल्या होत्या..."

"भर दुपारी? मला न विचारता?" तिनं चाळिशीला ओढणीत गुंडाळलं. "रक्त दिसलं की त्या तिथंच टोचत राहतात, माहितेय? थोडा उशीर झाला असता तर..."

"माझ्या धंद्यात काच बदलली की लगेच दिसतं हो," तो कसंबसं म्हणाला. "मला थांबायची सवय नाही. चुकलो मी."

"रविवारचं राहू द्या," ती म्हणाली. "आणि पुढचंही."

तो उभाच राहिला. मग गेला. पाठीवरचा शर्ट जागोजाग फाटला होता, ते तिला तो वळल्यावर दिसलं, आणि तिला रडू आलं. कुणासाठी, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

बाबा जागे होऊन बाहेर आले. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना बसमध्येच भेटलेली. "नवीन माणूस चढला की बसलेले आधी पाय पसरतात गं," ते पिसं गोळा करत म्हणाले. "जागा असली तरी पसरतात. दोन थांबे जाऊ द्यावे लागतात. मग तेच विचारतात, कुठं उतरणार?"

"आणि तोवर त्यानं काय करायचं, बाबा?"

"वरची दांडी घट्ट धरायची. आणि ड्रायव्हरनं जरा जपून चालवायचं."

चाळिशीला जखमेवर औषध लावून टोपलीत ठेवलं, टोपली दुकानात, शिवणयंत्राशेजारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी सावली पडली.

"आत येऊ?" त्यानं विचारलं.

"नको."

"बरं."

तो गेला नाही. स्वतःच्या दुकानातून स्टूल आणलं, उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं आणि बसला.

"हे काय?"

"जाळीपलीकडे आहे मी. बघायचं, पण भिडायचं नाही."

"लोक हसतील."

"मला चष्मा काढला की लोक दिसत नाहीत." आणि त्यानं खरंच चष्मा काढून खिशात ठेवला.

तिनं यंत्राचं चाक जोरात फिरवलं. ओठ दाबले तरी हसू शिवणीतून निसटलंच, आणि टाके वाकडे गेले.

मग हे रोजचंच झालं. दिवस मावळतीला लागला की स्टूल यायचं. पाऊस भुरभुरला तर छत्री यायची, पण स्टूल मागं सरकायचं नाही, पुढंही नाही. तो चाळिशीची चौकशी करायचा, ती उत्तर द्यायची. हळूहळू चौकशी लांबत गेली. तो घरच्यांबद्दल सांगायचा. आई बोलते फटकळ, पण रात्री सगळ्यांची पांघरुणं नीट करत फिरते. थोरल्या वहिनीशी पहिलं वर्षभर ती धड बोललीसुद्धा नव्हती. "आता दोघी मिळून मला बोलतात," तो म्हणाला.

"आणि अक्का?"

"अक्का टोचते," तो खरं ते बोलला. "सगळ्यांनाच. खोटं कशाला सांगू?"

हे ऐकून तिला भीती वाटली, आणि त्यानं खोटं सांगितलं नाही म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

"अहो," बाबा आतून ओरडले, "गिऱ्हाईकांना वाट द्या जरा! एकतर आत या, नाहीतर पार्किंगची पावती फाडा!"

तो चटकन उभा राहिला. तिच्याकडे पाहिलं. विचारलं नाही, पण विचारलंच ते.

"...या," ती म्हणाली.

चाळिशीची जखम भरली. पिसं नव्यानं फुटली. डावी-उजवी तोवर जाळीआडच होत्या. तिघींना पुन्हा थोडे दिवस जाळीपलीकडे एकत्र ठेवलं, आणि मग एका ढगाळ संध्याकाळी, आभाळ विझत असताना, दोघं अंगणात आले. त्या दिवशी तिनं जेवणही धड केलं नव्हतं. खुराड्यात थोरली आणि तिच्या हाताखालच्या कोंबड्या दांडीवर पिसं फुगवून पेंगत होत्या.

"आता?" तो कुजबुजला.

"थांबा."

"आता?"

"अहो, थांबा ना..." तिनं अंधार डोळ्यांनी चाचपला. "हं. आता."

त्यानं डावीला आणि उजवीला उचलून दिलं. शेवटी चाळिशी. तिचं छोटं काळीज तळहातावर धडधडत होतं. पडदेवालीनं श्वास रोखून तिला दांडीवर टेकवलं, थेट थोरलीच्या शेजारी. थोरलीनं एक डोळा उघडला आणि मिटला.

बाहेर आल्यावर दोघांनाही कळलं, की आपण एकमेकांचा हात धरून उभे आहोत. कुणी आधी धरला, ते सांगता येणार नाही.

सकाळी ती उजाडायच्या आतच अंगणात. तो तिच्याही आधी कुंपणाशी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. रात्रभर जागाच असावा.

"आत येऊ?" त्यानं विचारलं.

"या."

तिनं दाण्यांची दोन भांडी ठेवली, एकमेकांपासून लांब. मध्ये एक रिकामं खोकं उपडं घातलं. मग खुराड्याचं दार उघडलं.

थोरली उतरली, मागोमाग तिच्या हाताखालच्या. डावी, उजवी. सगळ्यांत शेवटी चाळिशी, पायरीवर घुटमळत. थोरलीनं मान वळवली. तिच्या रोखानं चालत आली.

टक्!

एकच चोच. डोक्यावर, ठसठशीत.

तो झेपावलाच होता, तिनं त्याची बाही पकडली. "थांबा."

चाळिशी मागं सरली. खोक्याआड गेली. अंग झाडलं. थोडा वेळ तिथंच उभी राहिली, चष्म्यातून बघितल्यासारखं बघत. मग दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, दुसऱ्या भांड्याशी गेली आणि दाणे टिपू लागली. थोरलीनं पाहिलं. एकदा, दोनदा. आणि आपल्या भांड्याकडे निघून गेली.

"मारलं तिनं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. पैजेचं त्याला ठाऊक नव्हतं, पण काय पणाला लागलंय ते कळत होतं. "म्हणजे... फसलं?"

पैजेप्रमाणे फसलंच होतं. ती चाळिशीकडे बघत राहिली. एवढीशी कोंबडी, चोच खाऊनही तिची भूक गेली नव्हती.

"माझ्या त्या घरात दुसरं भांडं नव्हतं हो," ती हळूच म्हणाली. "मागं सरायला खोकंही नव्हतं. आणि असं कुंपणाशी जीव मुठीत धरून उभं राहणारं कुणी नव्हतं."

"मी असेन," तो म्हणाला. "अक्का टोचेल. एकदा तरी टोचेलच. पण मी पेपर वाचत बसणार नाही."

"आणि लगेच मध्ये झेपही घेऊ नका."

"मग कधी घ्यायची?"

"मला विचारायचं."

"विचारीन," तो म्हणाला. "दर वेळी."

तिचे डोळे भरून आले. तिनं चष्मा काढला, तर त्यानं तो हातातून घेतला आणि स्वतःच्या वाकड्या शर्टाला पुसू लागला. बराच वेळ पुसला.

"मग रविवारी..." तो चाचरला.

"येते. पण दुपारी नाही. संध्याकाळी, दिवे लागता लागता."

"संध्याकाळी का?"

"अंधार पडता पडता गेलं, की सकाळी सगळ्यांना वाटतं, ही इथलीच."

तो हसला, मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. "पण... सकाळपर्यंत म्हणजे..."

आता तीही लाल झाली. "तसं नव्हतं म्हणायचं मला!"

"शेवटच्या बसनं परत यायचं!" खिडकीतून बाबा गरजले. "लग्न होईस्तोवर मुक्काम नाही!"

थोरलीसुद्धा दचकली. चाळिशीनं मात्र मान वर केली नाही, ती खात होती.

हसू ओसरल्यावर त्यानं चष्मा तिच्या नाकावर ठेवला, दोन्ही कानांमागं नीट बसवला, आणि हात तिथंच राहू दिले.

"हे बरं," त्यानं विचारलं, "की आधीचं बरं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चुकीची बटणं, केसांत अडकलेलं एक ठिपक्यांचं पीस, जागून लाल झालेले डोळे. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हे," ती म्हणाली.

आणि दोनदा कुलूप ओढून बघणाऱ्या त्या मुलीनं ते उत्तर पुन्हा एकदाही तपासून पाहिलं नाही.